मुलगी सांगते तेव्हा: पहिली दहा मिनिटं आणि पुढची काही वर्षं

‘मला मुली आवडतात’ हे वाक्य मुलगी घरी उच्चारते, त्याच्या कितीतरी आधीपासून ती घरातली माणसं जोखत असते. टीव्हीवर दोन मुलींची बातमी लागली की बाबा काय बोलतात, सिग्नलला टाळी वाजवत आलेल्या व्यक्तीला आई काय म्हणते, एखाद्या मुलाच्या चालण्याची नक्कल झाली की जेवताना कोण कोण हसतं. आकर्षणाची पहिली जाणीव बहुतेकींना वयात येतानाच होते आणि घरी सांगणं त्यानंतर कित्येक वर्षांनी होतं. मधल्या काळात ती फक्त ऐकते. त्यामुळे या विषयावर मुलीशी बोलणं कधी सुरू करायचं, असं पालक विचारतात तेव्हा ते खरं तर सुरू होऊन बराच काळ झालेला असतो.

लहान वयात फार काही करावं लागत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘दोन मुली लग्न करू शकतात का?’, तर ‘काही मुलींना मुलीबरोबरच संसार करावासा वाटतो. काही देशांत त्यांचं लग्न होतं, आपल्याकडे तसा कायदा अजून नाही’ एवढं पुरे. तिने पुढे विचारलं तर पुढचं सांगायचं. नऊ ते बारा या वयात पाळीविषयी, शरीराविषयी बोलणं होतंच. त्यातच एक वाक्य घालता येतं: ‘पुढेमागे तुला कुणीतरी आवडायला लागेल. मुलगा असेल, मुलगी असेल, कदाचित बराच काळ कुणीच आवडणार नाही. कुणीही असलं तरी घरी सांगता येईल.’ यातलं ‘मुलगी असेल’ हे ओघात यायला हवं. तिथे थांबून तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलंत तर ती सापळा ओळखते. स्कूटरवर, भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना हे बोलणं सोपं जातं, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही.

संशय आला तरी ‘तू लेस्बियन आहेस का?’ असं थेट विचारू नये. तिची तयारी नसेल तर ती ‘नाही’ म्हणेल, आणि मग खरं सांगायची वेळ येईल तेव्हा आधी तो नकार तिला मागे घ्यावा लागेल. म्हणजे तिचं काम दुप्पट. कपड्यांवरून, केसांवरून, क्रिकेट-कबड्डीच्या वेडावरून अंदाज बांधण्यातही अर्थ नाही. शर्ट-पँटमध्ये वावरणाऱ्या कितीतरी मुलींना मुलगे आवडतात आणि साडी-गजऱ्यात रमणाऱ्या कितीतरी मुलींना मुली.

सांगितल्यावरची दहा मिनिटं

तिने बहुधा हे वाक्य मनात शंभरदा घोकलेलं असतं, आणि पालक ते पहिल्यांदा ऐकत असतात. ही तफावत लक्षात ठेवली तर एक गोष्ट स्पष्ट होते: त्या दहा मिनिटांत तुम्ही विषय समजून घ्यावा अशी तिची अपेक्षा नसते. आपलं घरातलं स्थान तसंच आहे ना, एवढंच तिला पाहायचं असतं. म्हणून पहिली वाक्यं साधी ठेवावीत. ‘बरं झालं सांगितलंस.’ ‘तू आमची आहेस, त्यात काही फरक पडत नाही.’ ‘मला यातलं फारसं कळत नाही, पण तू सांग, मी ऐकतेय.’ ही तिसरी कबुली पालकांना कमीपणाची वाटते. मुलींना मात्र तीच सर्वात विश्वासाची वाटते, कारण तीत नाटक नसतं. मग चहा टाका, जेवायला वाढा. रोजचं काहीतरी लगेच घडलं की तिला शब्दांपेक्षा जास्त कळतं.

न सांगितलेलं बरं अशी वाक्यंही ठरलेली आहेत आणि चांगल्या घरांत तीच निघतात. ‘हे वयच असं असतं, जाईल’ या वाक्यात पालक स्वतःला धीर देत असतात; मुलीला ऐकू येतं की तिच्यावर विश्वास नाही. ‘आमचं कुठे चुकलं?’ म्हटलं की ती चूक ठरते. ‘आजीला कळलं तर ती जिवंत राहणार नाही’ हे तर एका पोरीच्या डोक्यावर एका म्हातारीचा जीव ठेवणं आहे. ‘ठीक आहे, पण बाहेर कुणाला सांगू नकोस’ हे वरवर समंजस वाटतं, पण त्यातला ‘पण’ तिला पहिला ऐकू येतो. आणि ‘कुणी शिकवलं? ती मैत्रीण का?’ असं विचारलं की पुढचा महिनाभर ती मैत्रिणीचा बचाव करत बसते, स्वतःविषयी बोलत नाही.

प्रतिक्रिया बिघडली, आवाज चढला, रडारड झाली, तरी सगळं संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, शक्यतो चोवीस तासांच्या आत, नेमकं काय चुकलं ते नाव घेऊन बोलावं: ‘काल मी तुला लाज वाटत नाही का म्हटलं. ते चूक होतं. मी घाबरले होते.’ ‘काल झालं गेलं विसरून जा’ याने काम होत नाही.

याला इतकं महत्त्व का, तेही पाहू. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या ‘फॅमिली ॲक्सेप्टन्स प्रोजेक्ट’ने २००९ साली २१ ते २५ वयाच्या २२४ समलैंगिक आणि बायसेक्शुअल (मुलगे-मुली दोन्ही आवडणाऱ्या) तरुणतरुणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. किशोरवयात घरच्यांनी तीव्रपणे नाकारलेल्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगण्याचं प्रमाण, फारसं न नाकारलेल्यांच्या तुलनेत ८.४ पट होतं. तो अभ्यास अमेरिकेतला आणि छोटा आहे, आकडा जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण ‘नाकारणं’ म्हणून त्यात धरलेल्या गोष्टी मारझोडीपुरत्या नव्हत्या. मैत्रिणींना भेटू न देणं, घरच्या कार्यक्रमांतून वगळणं, विषयच काढू न देणं हेही त्यात होतं. ‘आम्ही तिला एका शब्दाने बोललो नाही’ असं म्हणणाऱ्या घरांनी हे जरूर वाचावं.

मुलगी नीट जेवत-झोपत नसेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं बोलत असेल, तर थेट विचारावं: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरातल्या गोळ्यांचा साठा, शेतीच्या घरात फवारणीची औषधं कुलपात ठेवावीत आणि तिला एकटं सोडू नये. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर १०९८ ही आहे.

कोणाला आवडते आणि कोण आहे

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरोघरी त्यांची सरमिसळ होते. कोणाविषयी आकर्षण वाटतं तो लैंगिक कल. मुलीला मुली आवडणं, मुली-मुलगे दोन्ही आवडणं, कुणाविषयीच लैंगिक आकर्षण न वाटणं हे सगळं कलाचे प्रकार. आपण स्वतः मुलगी आहोत, मुलगा आहोत की यातलं काहीच पुरतं लागू नाही, ही आतली जाणीव म्हणजे लिंगभाव. समलैंगिक मुलगी मुलगीच असते. तिला मुलगा व्हायचं नसतं. ट्रान्स मुलाला जन्मतः मुलगी ठरवलेलं असतं, पण तो स्वतःला मुलगा म्हणून ओळखतो, आणि त्याला मुली आवडतील, मुलगे आवडतील किंवा कुणीच नाही. दोन्ही आवडणाऱ्या मुलीला घरचे हमखास म्हणतात, ‘मग मुलगाच निवड ना!’ प्रेम जिच्यावर बसलं तिच्यावर बसलं. यादीतून उमेदवार निवडणं तिच्याही हातात नसतं.

मुलीने स्वतःसाठी जो शब्द वापरला तोच आपण वापरावा. उद्या तिने तो बदलला तरी ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ असा विजय मिरवू नये. सोळाव्या वर्षीचा शब्द विसाव्या वर्षी बदलला, म्हणून आधीचं खोटं होतं असं होत नाही.

‘मी मुलगी नाही, मुलगा आहे’ असं ती (की तो) म्हणत असेल, तर सुरुवात नाव आणि क्रियापदापासून होते. आपल्या भाषेत ‘मी येते’ की ‘मी येतो’ यातून सुटका नाही, त्यामुळे दिवसातून पन्नास वेळा हा प्रश्न येतो. विचारून घ्या: घरात कोणतं नाव, पाहुण्यांसमोर कोणतं. चुकलात तर दुरुस्त करून पुढे चला. पाच मिनिटं माफी मागत बसलात तर त्यालाच तुमची समजूत काढावी लागते. (कोल्हापूरकडे मुली सर्रास ‘मी आलो’ म्हणतात, तेव्हा नुसत्या क्रियापदावरून निदान करायला जाऊ नका.) पाळीचे दिवस अशा मुलांना विशेष जड जातात, शाळेच्या गणवेशातला कुर्ता किंवा स्कर्टही. छाती सपाट दिसावी म्हणून ती गुपचूप क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी आवळून बांधतात. हे धोक्याचं आहे: बँडेज श्वासागणिक आवळत जातं, बरगड्या दुखावतात, दम लागतो. घट्ट स्पोर्ट्स ब्रा त्यापेक्षा बरी. त्यासाठीच बनवलेला बाइंडर वापरायचा तर योग्य मापाचा, दिवसात आठ तासांपेक्षा जास्त नाही, झोपताना आणि व्यायामाच्या वेळी अजिबात नाही. हे घरात उघड बोलता आलं तरच जखमा टळतात. हार्मोन आणि शस्त्रक्रिया हे पहिल्या आठवड्यातले प्रश्न नाहीत. त्यांची भीती आत्ताच्या बोलण्यात ओढून आणू नका.

ही बातमी कोणाची?

सर्वात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही मायेपोटी. आई बहिणीला विश्वासात घेते, मावशी नवऱ्याला सांगते, पंधरा दिवसांत ते गावाकडे पोचतं आणि मुलीला चुलतभावाच्या मेसेजवरून कळतं. त्यानंतर ती घरी काहीही सांगत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी विचारायचं: ‘हे आणखी कुणाला माहीत आहे? बाबांना तू सांगणार की मी? की आत्ता नको?’ ती ‘नको’ म्हणाली तर नको. नवरा-बायकोत गुपित ठेवणं अवघड जातं हे खरं. अशा वेळी तिलाच मुदत विचारा: ‘मला बाबांपासून फार दिवस लपवणं जमणार नाही, महिनाभरात आपण दोघी मिळून सांगू का?’ शाळेत, वर्गशिक्षिकेला, शेजारी, फॅमिली ग्रुपवर, कुठेही तिच्या परवानगीशिवाय शब्द काढू नये. तुम्हाला मन मोकळं करायचं असेल, आणि ते करायलाच हवं, तर नात्यागोत्याबाहेर करा. अशा पालकांचा ‘स्वीकार – द रेनबो पेरेंट्स’ नावाचा गट आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा पालकांशीही बोलते. आपलं दुःख, स्वप्नातलं जावयाचं चित्र पुसलं जाणं, लोकांची भीती हे सगळं खरं असतं. फक्त ते मुलीच्या पुढ्यात ठेवू नये.

नातेवाइकांसाठी एक वाक्य ठरवावं आणि दोघांनीही तेच म्हणावं: ‘आत्ता स्थळं बघत नाही, बघायची झाली तर तीच सांगेल.’ खोटं कारण देऊ नये. पत्रिकेत दोष आहे म्हणालात तर आत्या शांतीसाठी गुरुजींचा पत्ता घेऊन येते, शिक्षण चालू आहे म्हणालात तर ते एक दिवस संपतं.

डॉक्टर, देवऋषी आणि लग्न

हे तीन ‘उपाय’ याच क्रमाने सुचतात असं नाही, पण सुचतात. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो की समाजातल्या नैतिक किंवा सांस्कृतिक मूल्यांशी जुळत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कल बदलण्याच्या ‘थेरपी’ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं, दोन तरुणींच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांतून ते घडलं. त्या दोघींच्या पालकांनी मुली हरवल्याची तक्रार पोलिसांत दिली होती, तिथून ते प्रकरण सुरू झालं.

मुलगी खुशालीत असेल तर डॉक्टरकडे नेण्याचं कारणच नाही. उदास असेल, घाबरलेली असेल, तर त्या उदासीसाठी जरूर न्यावं. वेळ घेण्याआधी फोनवर विचारा: ‘पालकांनी मुलीचा कल बदलून द्या म्हटलं तर तुम्ही काय करता?’ ‘ते बदलायचा प्रयत्न आम्ही करत नाही’ हे उत्तर आलं तरच जा. ‘आठ-दहा सेशन करून बघू’ असं ऐकू आलं तर फोन ठेवा. हार्मोनच्या रक्ततपासणीने कल कळत नाही आणि हार्मोनच्या गोळ्यांनी बदलतही नाही. पीसीओडीचा रिपोर्ट हातात धरून ‘हेच कारण असणार’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पीसीओडीवर उपचार घ्या, पण पीसीओडीसाठीच.

बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे नेण्यातही धोका आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

आणि लग्न. ‘एकदा लग्न झालं की सगळं ताळ्यावर येईल’ या भरवशावर लावलेल्या लग्नात दोन माणसं अडकतात, त्यातल्या एकाला तर माहीतही नसतं. जबरदस्तीने किंवा फसवून संमती घेतली असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे असं लग्न न्यायालयातून रद्द करून घेता येतं.

अठराच्या आत, अठरानंतर

अठरा वर्षांखालच्या मुलीचं एखाद्या मैत्रिणीवर प्रेम असेल, तर त्या मैत्रिणीच्या जागी मुलगा असता तर जे नियम लावले असते तेच लावा: घरी कधी परतायचं, खोलीचं दार उघडं, अभ्यासाची वेळ. एकीला जास्त कडक नियम लावले की ते शिस्त राहत नाहीत. मोबाइल काढून घेणं, कॉलेज बंद करणं हे सहसा पहिल्या रागात होतं आणि त्यातून तिचे मदतीचे सगळे रस्ते एकदम बंद होतात. पॉक्सो या मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यात अठराखालच्या व्यक्तीची संमती धरली जात नाही, हे तिला शांतपणे सांगावं. पण मैत्रिणीला धडा शिकवायला त्या कायद्याचं हत्यार करू नये. एकदा तक्रार गेली की जबाब तुमच्या मुलीचाही होतो, वैद्यकीय तपासणीची वेळ तिच्यावरही येते, आणि तक्रार मागे घेणं तुमच्या हातात राहत नाही.

अठरानंतर तिने कुठे आणि कुणाबरोबर राहावं हा तिचा निर्णय. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने उच्च न्यायालयांना सांगितलं की घरच्यांनी ‘मुलगी परत द्या’ म्हणून अर्ज केला, तर समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवायचं नाही. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने घरच्यांनी अडवून ठेवलेल्या २५ वर्षांच्या तरुणीला तिच्या इच्छेप्रमाणे जोडीदारणीकडे जाऊ दिलं. लग्नाचा हक्क मात्र नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला.

पालकांचा शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: आमच्या मागे तिचं कोण? याला कागदी उत्तर आहे, आणि पालक त्यात खरोखर मदत करू शकतात. लग्न झालं नाही म्हणून वडिलोपार्जित मालमत्तेतला मुलीचा वाटा जात नाही. हिंदू कुटुंबात २००५ च्या दुरुस्तीपासून तो मुलाइतकाच आहे. दोन मुलींना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं आणि एकमेकींना नॉमिनी करता येतं, हे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण नॉमिनीच्या हातात फक्त पैसे येतात, मालकी नाही. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मूलबाळ नसलेली अविवाहित मुलगी मृत्युपत्र न करता गेली, तर तिचं सगळं आईवडिलांकडे आणि ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे जातं. वीस वर्षं बरोबर राहिलेल्या जोडीदारणीला त्यात काही नाही. म्हणून नॉमिनेशनबरोबर दोघींचं मृत्युपत्रही हवं, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. साक्षीदार जोडीदारीण स्वतः नको.